पार्श्वभूमी सेवा (अँड्रॉइड)

पार्श्वभूमी सेवा हा अँड्रॉइड या संचालन प्रणालीवरील ॲपचा असा घटक होय, जो पडद्यावर काहीही न दाखवता काम करीत राहतो. ॲपचे पान दृष्टीआड झाल्यावरही गाणे वाजत राहणे, प्रवासाचा मार्ग नोंदवला जाणे, छायाचित्रे सर्व्हरवर चढवली जाणे किंवा हवामानाचा इशारा मिळणे ही कामे अशा सेवांमुळे शक्य होतात. ॲप बंद केल्यानंतर सेवा किती काळ टिकते, हे मात्र केवळ ॲपच्या निर्मात्यावर अवलंबून नसते. संचालन प्रणालीचे नियम, फोनच्या उत्पादकाने घातलेले निर्बंध, बॅटरीची स्थिती आणि वापरकर्त्याने दिलेल्या परवानग्या यांवर ते ठरते.

अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत पार्श्वभूमीवरील कामावर फारसे बंधन नव्हते. २०१५ नंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या आवृत्तीत हे स्वातंत्र्य क्रमाने कमी करण्यात आले. बॅटरीची बचत आणि वापरकर्त्याची गोपनीयता ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. ज्या ॲपचे अपयश जीवावर बेतू शकते, उदाहरणार्थ वीज पडण्याचा इशारा देणारे ॲप, त्यांच्यासाठी या नियमांना विशेष महत्त्व आहे.

## 'बंद करणे' या क्रियेचे अर्थ

व्यवहारात 'ॲप बंद केले' असे म्हणताना अनेक वेगवेगळ्या क्रिया अभिप्रेत असतात. संचालन प्रणालीच्या दृष्टीने त्यांचे परिणाम भिन्न आहेत.

* होम बटण दाबणे : ॲपचे पान नजरेआड जाते, परंतु त्याची प्रक्रिया स्मृतीत कायम राहते. स्मृतीची गरज भासल्यास प्रणाली ती पुढे केव्हाही काढून टाकू शकते.
* अलीकडील ॲपच्या यादीतून सरकवून काढणे : ॲपचे 'टास्क' संपते. सेवा चालू असल्यास तिला तशी सूचना मिळते. सेवा टास्कबरोबरच थांबावी की चालू राहावी, हे निर्मात्याला मॅनिफेस्ट या घोषणापत्रिकेत नमूद करता येते.
* प्रणालीने प्रक्रिया संपवणे : स्मृती अपुरी पडल्यास वापरकर्त्याने काहीही न करता ॲपची प्रक्रिया नष्ट होते. प्रक्रिया गेली की तिच्यातील सेवाही जाते.
* सक्तीने थांबवणे : सेटिंग्जमधील 'फोर्स स्टॉप' दाबल्यास ॲप 'थांबवलेल्या' अवस्थेत जाते. त्यानंतर वापरकर्ता स्वतः ॲप उघडेपर्यंत त्याचे अलार्म, नियोजित कामे व प्रणालीकडून येणारे संदेश बंद राहतात. ही अवस्था २०११ मधील अँड्रॉइड ३.१ पासून अस्तित्वात आहे.

यांपैकी पहिल्या तीन प्रसंगांत सेवा टिकवण्याचे किंवा पुन्हा सुरू करण्याचे वैध मार्ग आहेत. चौथ्या प्रसंगात वापरकर्त्याचा निर्णय अंतिम मानला जातो व तो मोडण्याचा अधिकृत मार्ग ठेवलेला नाही. काही उत्पादकांच्या फोनवर मात्र यादीतून सरकवणे ही क्रियाही जवळजवळ सक्तीने थांबवण्यासारखीच वागते. त्यामुळे एकच ॲप एका फोनवर चालू राहते आणि दुसऱ्यावर गप्प होते.

## सेवेचे स्वरूप

अँड्रॉइड ॲपचे चार मूलभूत घटक मानले जातात : ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस, ब्रॉडकास्ट रिसीव्हर आणि कंटेंट प्रोव्हायडर. सर्व्हिस म्हणजेच सेवा. तिचे पुढील प्रकार आहेत.

प्रारंभित सेवा एखाद्या घटकाच्या आज्ञेने सुरू होते आणि स्वतः थांबेपर्यंत किंवा तिला थांबवले जाईपर्यंत चालते. बद्ध सेवा दुसऱ्या घटकाशी जोडलेली असते. सर्व जोडण्या सुटल्या की ती संपते. अग्रभागी सेवा ही सूचना दाखवून आपले अस्तित्व वापरकर्त्याला कळवते. गाणी वाजवणारी किंवा रस्ता दाखवणारी ॲप या प्रकाराचा उपयोग करतात.

सेवा ही स्वतंत्र प्रक्रिया आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात, वेगळे नमूद केले नसल्यास, सेवा ॲपच्याच प्रक्रियेत आणि तिच्या मुख्य थ्रेडवर चालते. त्यामुळे दीर्घ काम सेवेत टाकले तरी ते वेगळ्या थ्रेडवर न नेल्यास ॲप गोठते व 'ॲप प्रतिसाद देत नाही' असा संदेश दिसतो.

## प्रक्रिया संपवण्याचा क्रम

फोनची स्मृती मर्यादित असते. ती भरू लागल्यावर कोणती प्रक्रिया आधी काढायची, हे अँड्रॉइड महत्त्वाच्या श्रेणींवरून ठरवते. वापरकर्ता ज्या ॲपशी प्रत्यक्ष व्यवहार करीत आहे, ते सर्वांत वर असते. त्याखाली दिसत असलेली परंतु वापरात नसलेली ॲप व अग्रभागी सेवा येतात. त्यानंतर सामान्य सेवा चालू असलेल्या प्रक्रिया आणि सर्वांत शेवटी केवळ स्मृतीत साठवून ठेवलेल्या प्रक्रिया येतात. संहार खालून वर होत जातो. कमी स्मृतीच्या स्वस्त फोनमध्ये तो अधिक वारंवार होतो. म्हणून ग्रामीण भागात वापरल्या जाणाऱ्या कमी किमतीच्या फोनवर हा प्रश्न जास्त जाणवतो.

प्रक्रिया गेल्यानंतर सेवेचे काय करावे, हे सेवेने सुरू होताना परत केलेल्या मूल्यावरून ठरते. 'स्टार्ट स्टिकी' असल्यास प्रणाली सवडीने सेवा पुन्हा उभी करते, परंतु मूळ आज्ञा पुन्हा देत नाही. 'स्टार्ट रीडिलिव्हर इंटेंट' असल्यास शेवटची आज्ञाही परत दिली जाते. 'स्टार्ट नॉट स्टिकी' असल्यास सेवा आपोआप पुन्हा सुरू होत नाही. पहिल्या प्रकारात आज्ञा रिकामी येते हे लक्षात न घेतल्यास सेवा पुन्हा सुरू होताक्षणीच कोसळते. नवशिक्या निर्मात्यांकडून होणारी ही नेहमीची चूक आहे.

## इतिहास

अँड्रॉइडवरील पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. पार्श्वभूमीवर काम करण्याची मुभा हे त्या काळी अँड्रॉइडचे वैशिष्ट्य मानले जात असे. या मुभेचा गैरवापर होऊ लागल्याने २००९ मधील अँड्रॉइड २.० मध्ये अग्रभागी सेवेसाठी सूचना दाखवणे बंधनकारक करण्यात आले. सेवेच्या पुनरारंभाची उपरोक्त मूल्येही याच आवृत्तीत आली.

२०१४ मधील अँड्रॉइड ५.० ने 'जॉब शेड्युलर' आणला. त्यामुळे अनेक ॲपची कामे एकत्र करून, चार्जिंग चालू असताना किंवा वाय-फाय उपलब्ध असताना उरकणे शक्य झाले. २०१५ मधील अँड्रॉइड ६.० मध्ये 'डोझ' ही अवस्था आली. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन काही काळ हललेला नसेल, तर प्रणाली त्याला गाढ झोपेत नेते. या काळात ॲपचे नेटवर्क बंद राहते, नेहमीचे अलार्म पुढे ढकलले जातात आणि कामे मधूनमधून येणाऱ्या लहान 'देखभाल खिडक्यां'मध्येच होतात. फोन जितका अधिक काळ निश्चल राहील, तितक्या या खिडक्या विरळ होत जातात. २०१६ मधील अँड्रॉइड ७.० मध्ये खिशात हलत असलेल्या फोनलाही लागू होणारी सौम्य डोझ अवस्था जोडण्यात आली.

२०१७ मधील अँड्रॉइड ८.० हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. त्यानुसार पार्श्वभूमीत गेलेल्या ॲपच्या सामान्य सेवा काही मिनिटांतच थांबवल्या जाऊ लागल्या आणि पार्श्वभूमीतून स्थान विचारण्याची मुभा तासाला मोजक्या वेळांपुरती उरली. २०१८ मधील अँड्रॉइड ९ ने वापराच्या वारंवारतेनुसार ॲपची गटवारी सुरू केली; क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपला पार्श्वभूमीवर कमी संधी मिळू लागली.

पुढील आवृत्त्यांनी परवानग्यांवर भर दिला. अँड्रॉइड १० (२०१९) मध्ये पार्श्वभूमीतून स्थान जाणण्यासाठी वेगळी परवानगी आली. अँड्रॉइड ११ (२०२०) पासून ही परवानगी वापरकर्त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन 'नेहमी अनुमती द्या' असा पर्याय निवडूनच द्यावी लागते. अँड्रॉइड १२ (२०२१) ने पार्श्वभूमीतून अग्रभागी सेवा सुरू करण्यावर बंधन घातले. अँड्रॉइड १३ (२०२२) मध्ये सूचना दाखवण्यासाठीही परवानगी आवश्यक झाली. अँड्रॉइड १४ (२०२३) ने प्रत्येक अग्रभागी सेवेचा प्रकार घोषित करणे सक्तीचे केले. अँड्रॉइड १५ (२०२४) मध्ये माहितीच्या समक्रमणासाठी चालणाऱ्या अग्रभागी सेवेला २४ तासांत एकूण ६ तासांची मर्यादा लागू झाली.

## काम चालू ठेवण्याच्या पद्धती

अँड्रॉइडच्या सध्याच्या रचनेत 'सेवा कायम जिवंत ठेवणे' हे उद्दिष्ट बहुतेक वेळा योग्य मानले जात नाही. काम केव्हा आणि किती तातडीने व्हायला हवे, यावरून पद्धत निवडली जाते.

### अग्रभागी सेवा

वापरकर्त्याला जाणवणारे आणि अखंड चालणारे काम असेल, तर अग्रभागी सेवा वापरली जाते. तशी आज्ञा दिल्यानंतर सेवेने ५ सेकंदांच्या आत आपली सूचना दाखवावी लागते; अन्यथा प्रणाली ॲप बंद पाडते. अग्रभागी सेवा प्रक्रियेला स्मृतिटंचाईपासून बरेच संरक्षण देते. परंतु प्रोसेसर जागा ठेवण्याची हमी ती स्वतः देत नाही. त्यासाठी 'वेक लॉक' वेगळा घ्यावा लागतो आणि काम संपताच तो सोडावा लागतो. न सोडलेला वेक लॉक हे बॅटरी लवकर संपण्याचे एक प्रमुख कारण आहे.

### नियोजित काम

काम लगेच झाले नाही तरी चालेल, मात्र ते झालेच पाहिजे, अशा प्रसंगी 'वर्क मॅनेजर' हे साधन सुचवले जाते. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१९ मध्ये आली. ॲप बंद झाले किंवा फोन पुन्हा सुरू झाला तरी नोंदवलेले काम टिकून राहते. नियतकालिक कामांतील किमान अंतर १५ मिनिटांचे आहे व प्रत्यक्षात ते वाढू शकते. जेथे नेटवर्क अधूनमधून येते अशा शेतातून छायाचित्रासह माहिती भरून ती नंतर पाठवणे, हे या पद्धतीला साजेसे काम होय. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबवण्यात आलेल्या ई-पीक पाहणीसारख्या उपक्रमांत शेतकऱ्यांना नेमकी अशीच परिस्थिती भेडसावते.

### अलार्म

ठरलेल्या क्षणी काही घडावे लागत असल्यास 'अलार्म मॅनेजर' वापरतात. गजराचे घड्याळ किंवा औषधाची आठवण ही त्याची उदाहरणे आहेत. डोझ अवस्थेतही वाजू शकणारे अलार्म उपलब्ध आहेत. पण एका ॲपला ते सुमारे ९ मिनिटांतून एकदाच वापरता येतात. अँड्रॉइड १२ पासून अचूक अलार्मसाठी विशेष परवानगी लागते.

### पुश संदेश

बाहेरून येणाऱ्या बातमीची वाट पाहायची असेल, तर प्रत्येक ॲपने सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी राखणे खर्चिक ठरते. त्याऐवजी गूगलच्या सेवा फोनवर एकच सामाईक जोडणी चालू ठेवतात व 'फायरबेस क्लाउड मेसेजिंग' या यंत्रणेमार्फत आलेला संदेश योग्य त्या ॲपला देतात. उच्च प्राधान्याचा संदेश डोझ अवस्थेतील फोनलाही थोड्या वेळासाठी जागे करू शकतो. या पद्धतीत ॲपची सेवा चालू असण्याची गरजच राहत नाही. संदेश आल्यावर प्रणाली ॲपला उठवते. सक्तीने थांबवलेले ॲप मात्र याला अपवाद आहे.

### पुनरारंभानंतरची नोंद

फोन बंद करून सुरू केल्यावर अलार्म पुसले जातात. ते पुन्हा लावण्यासाठी ॲपला 'बूट पूर्ण झाले' हा संदेश ऐकावा लागतो. वापरकर्त्याने फोनचे कुलूप पहिल्यांदा उघडल्यानंतरच हा संदेश सामान्य ॲपला मिळतो. अँड्रॉइड १५ पासून काही प्रकारच्या अग्रभागी सेवा या संदेशाच्या आधारे सुरू करता येत नाहीत.

## उत्पादकांचे निर्बंध

अँड्रॉइडचा स्रोत खुला असल्याने फोनचे उत्पादक त्यात बदल करतात. बॅटरी अधिक काळ टिकावी म्हणून काही उत्पादकांनी मूळ प्रणालीपेक्षा कडक नियम लावले आहेत. शाओमीच्या फोनवर 'ऑटोस्टार्ट' ही वेगळी अनुमती आहे, तर सॅमसंगच्या फोनवर दीर्घकाळ न वापरलेली ॲप 'स्लीपिंग' आणि 'डीप स्लीपिंग' अशा याद्यांत टाकली जातात. ही अनुमती ॲपला स्वतः घेता येत नाही; वापरकर्त्याला सेटिंग्जमध्ये जाऊन ती द्यावी लागते. उत्पादकागणिक या पर्यायांची नावे आणि जागा वेगवेगळ्या असल्याने सर्वांना लागू पडेल अशी एकच सूचना देता येत नाही.

मूळ अँड्रॉइडमध्येही 'बॅटरी ऑप्टिमायझेशन'मधून ॲपला सूट देण्याची सोय आहे. सूट मिळालेल्या ॲपला डोझ अवस्थेत नेटवर्क व वेक लॉक वापरता येतो. ही सूट थेट मागण्यावर गूगल प्लेच्या धोरणाने मर्यादा घातल्या आहेत. ज्या ॲपचे मूळ कार्य तिच्याशिवाय होऊ शकत नाही, त्यांनाच ती मागता येते.

अँड्रॉइड १२ पासून 'सुप्तावस्था' हाही एक निर्बंध आहे. काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेतल्या जातात आणि त्याला पार्श्वभूमीवर काम करण्याची वा उच्च प्राधान्याचे पुश संदेश घेण्याचीही मुभा राहत नाही. वापरकर्ता ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन हा पर्याय बंद करू शकतो.

## उदाहरण : विजेचा इशारा

भारतात वीज पडून होणाऱ्या मृत्यूंची संख्या मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशभरात २,८८० व्यक्तींचा अशा प्रकारे मृत्यू झाला. बळी पडणाऱ्यांत उघड्यावर काम करणारे शेतकरी, शेतमजूर व गुराखी यांचे प्रमाण मोठे असते. मराठवाड्यात एप्रिल ते जून या मान्सूनपूर्व काळात आणि परतीच्या पावसात विजांसह वादळे होतात.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे ॲप या संदर्भात उल्लेखनीय आहे. संस्थेने देशभर उभारलेल्या संवेदकांच्या जाळ्यातून विजेच्या घटनांची स्थाने कळतात. वापरकर्त्याच्या स्थानापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्यास ॲप त्याला सावध करते आणि घ्यावयाची खबरदारीही सांगते.

अशा इशाऱ्याची उपयुक्तता वेळेवर अवलंबून असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ २० किलोमीटरचे अंतर अर्ध्या तासात कापते. इशारा १५ मिनिटे उशिरा आला, तर निम्मा अवधी संपलेला असतो. शेतातील नेहमीची परिस्थिती नेमकी अशा विलंबाला पोषक असते. कामाच्या वेळी फोन पिशवीत घालून बांधावर ठेवलेला किंवा झाडाला टांगलेला असतो. म्हणजे तो चार्जिंगला नसतो, त्याचा पडदा बंद असतो आणि बांधावर ठेवलेला असल्यास तो हलतही नाही. डोझ अवस्थेसाठी लागणाऱ्या तिन्ही अटी येथे पूर्ण होतात. ज्या वेळी इशाऱ्याची गरज सर्वाधिक असते, त्याच वेळी फोन सर्वांत गाढ झोपेत असण्याचा संभव असतो.

स्थानाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तेलगाव येथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना असला, तरी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. तेलगावच्या कामगाराने गावी असताना नोंदवलेले स्थान कोल्हापूरच्या फडात निरुपयोगी ठरते. त्याला उपयुक्त इशारा मिळण्यासाठी ॲपला त्याचे चालू स्थान कळले पाहिजे आणि त्यासाठी पार्श्वभूमीतून स्थान जाणण्याची परवानगी आवश्यक असते. ही परवानगी नाकारलेली असल्यास किंवा अनेक महिने न उघडल्याने ॲप सुप्तावस्थेत गेले असल्यास, एप्रिलमध्ये पहिले वादळ येते तेव्हा ॲप फोनवर दिसते. पण त्याचा इशारा येत नाही.

अशा ॲपची रचना करताना दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गात फोन ठरावीक काळाने सर्व्हरला विचारत राहतो. त्यासाठी सेवा सतत जागी असावी लागते व बॅटरी खर्ची पडते. दुसऱ्या मार्गात फोन आपले ढोबळ स्थान अधूनमधून सर्व्हरला कळवतो आणि धोका उद्भवल्यावर सर्व्हर त्या भागातील फोनना उच्च प्राधान्याचा पुश संदेश पाठवतो. इशारा क्वचित पण तातडीचा असल्याने दुसरा मार्ग अधिक विश्वसनीय ठरतो. त्यातही फोन इंटरनेटशी जोडलेला असणे गरजेचे आहे.

### वापरकर्त्याने तपासावयाच्या बाबी

इशारा देणारे कोणतेही ॲप हंगामाच्या सुरुवातीला एकदा उघडून पाहणे हितावह असते. त्या वेळी पुढील बाबी तपासल्या जातात.

* स्थानाची परवानगी 'नेहमी' अशी आहे का;
* सूचना दाखवण्याची परवानगी चालू आहे का व आवाज बंद केलेला नाही ना;
* बॅटरीचा वापर 'निर्बंध नाही' असा ठेवला आहे का;
* उत्पादकाचा ऑटोस्टार्ट किंवा तत्सम पर्याय असल्यास तो चालू आहे का;
* वापरात नसताना ॲप थांबवण्याचा पर्याय बंद केला आहे का.

बॅटरी वाचवण्यासाठी सर्व ॲप सक्तीने थांबवणारी 'क्लीनर' ॲप इशाऱ्याच्या ॲपलाही थांबवू शकतात.

## ॲपविना इशारा

पार्श्वभूमी सेवेच्या मर्यादा लक्षात घेता, जीवित्वाशी निगडित इशारे केवळ ॲपवर सोपवले जात नाहीत. 'सेल ब्रॉडकास्ट' या तंत्रात मोबाइल मनोरा आपल्या कक्षेतील सर्व फोनना एकाच वेळी संदेश पाठवतो. त्यासाठी इंटरनेट, ॲप किंवा प्राप्तकर्त्याचा क्रमांक लागत नाही, आणि फोन ज्या ठिकाणी आहे तेथील मनोऱ्याकडून संदेश येत असल्याने स्थानाची परवानगीही लागत नाही. संदेश फोनच्या रेडिओ यंत्रणेकडून येत असल्याने डोझचे ॲपवरील नियम त्याला आड येत नाहीत. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी २०२३ मध्ये या यंत्रणेच्या चाचण्या घेतल्या. त्या वेळी अनेकांच्या फोनवर मोठ्या आवाजात चाचणी संदेश झळकले होते.

कोणत्याही उपकरणावर विसंबून न राहणारा ३०-३० नियमही प्रचलित आहे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास वादळ सुमारे १० किलोमीटरच्या आत असते. अशा वेळी तत्काळ पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये, असा हा नियम आहे. एकट्या उंच झाडाखाली थांबणे धोक्याचे असते.

## गोपनीयता

ॲप बंद केल्यावरही चालू राहणारी सेवा उपयुक्त असते, तशीच ती पाळत ठेवण्याचे साधनही ठरू शकते. सतत नोंदवलेल्या स्थानावरून व्यक्तीचे घर, कामाची जागा व भेटीगाठी यांचा माग काढता येतो. कोविड-१९ च्या साथीत २ एप्रिल २०२० रोजी भारत सरकारने आणलेल्या 'आरोग्य सेतू' या ॲपबाबत हा वाद ठळकपणे पुढे आला. संपर्क ओळखण्यासाठी ते ॲप ब्लूटूथ व स्थान यांचा वापर करीत असे व त्यासाठी पार्श्वभूमीवर चालू राहणे त्याला आवश्यक होते. टीकेनंतर मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा स्रोत खुला करण्यात आला. याच काळात, १० एप्रिल २०२० रोजी, ॲपल व गूगल यांनी संपर्क नोंदीसाठी संयुक्त यंत्रणा जाहीर केली. त्या यंत्रणेत हे काम ॲपच्या सेवेऐवजी संचालन प्रणालीकडे सोपवण्यात आले आणि स्थान नोंदवणे टाळण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. अग्रभागी सेवेची दृश्य सूचना, पार्श्वभूमी स्थानाची स्वतंत्र परवानगी आणि सक्तीने थांबवण्याचा अधिकार या तरतुदींकडे केवळ बॅटरी बचतीचे उपाय म्हणून पाहता येत नाही. आपल्या फोनवर काय चालू आहे हे जाणण्याचे व ते थांबवण्याचे साधन त्यांतून वापरकर्त्याला मिळते.

## आयओएसशी तुलना

ॲपलच्या आयफोनवर इतरांनी बनवलेली ॲप २००८ पासून उपलब्ध झाली. तेव्हा त्यांना पार्श्वभूमीवर चालण्याची मुभा नव्हती. २००९ मध्ये पुश सूचनांची सेवा आली. २०१० मधील आयओएस ४ ने ध्वनी, इंटरनेटवरील दूरध्वनी व स्थान अशा मोजक्या प्रकारांना पार्श्वभूमीवर चालण्याची परवानगी दिली. अँड्रॉइडने मोकळीक देऊन पुढे ती आवळली, तर आयओएसने बंदीपासून सुरुवात करून ठरावीक सवलती दिल्या. आज दोन्ही प्रणालींचे धोरण बरेच जवळ आले आहे.

## चाचणी

ॲप बंद झाल्यानंतरचे वर्तन केवळ निर्मात्याच्या टेबलावरील फोनवर तपासून कळत नाही. कारण संगणकाला जोडलेला फोन चार्ज होत असतो आणि चार्जिंगमध्ये डोझ अवस्था येत नाही. अँड्रॉइडच्या 'एडीबी' या साधनाने फोन कृत्रिमरीत्या डोझ अवस्थेत नेता येतो, ॲपला कमी प्राधान्याच्या गटात टाकता येते आणि प्रक्रिया मुद्दाम संपवून सेवा पुन्हा उभी राहते का ते पाहता येते. याखेरीज विविध उत्पादकांच्या स्वस्त फोनवर, बॅटरीवर, रात्रभर निश्चल ठेवून केलेली चाचणी अधिक विश्वसनीय मानली जाते.

## हे सुद्धा पहा

* अँड्रॉइड
* संचालन प्रणाली
* दामिनी (ॲप)
* सेल ब्रॉडकास्ट
* भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था
* ऊसतोड कामगार
* तेलगाव